मार्टिन्सव्हिलची रेस बघायला जाताय? वरची रांग घ्या

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या रिजवे गावाजवळ मार्टिन्सव्हिल स्पीडवे हा मोटारींच्या रेसचा ट्रॅक आहे. 1947 पासून इथे रेसिंग चालू आहे. ट्रॅक जेमतेम 0.526 मैलांचा, म्हणजे साधारण साडेआठशे मीटर. पहिल्यांदा जाणारे हौसेने कठड्याजवळची सीट घेतात आणि पस्तावतात. समोरून गाड्या सर्रकन जातात, पलीकडचं काही दिसत नाही, वर झिजलेल्या टायरचा काळा चुरा अंगावर येतो.

1. शक्य तितकी वरची रांग घ्या. तिथून चारही वळणं एका नजरेत येतात. खरी झुंज वळणावरच असते: सरळ पट्टा डांबरी, वळण काँक्रीटचं आणि त्याची बाहेरची कड फक्त 12 अंशांनी उचललेली, त्यामुळे ब्रेक दाबावाच लागतो. कोण उशिरा दाबतो ते वरून स्पष्ट कळतं.

2. इंजिनांचा आवाज फार असतो, म्हणून फोमचे इअरप्लग बोटांनी वळून बारीक करा, कान वर ओढून आत सरकवा, फुगेपर्यंत धरून ठेवा. हे गाडीतच उरका.

3. गाडी लावल्यावर आजूबाजूच्या खुणेसकट फोटो काढा. संध्याकाळी सगळी रांग सारखीच दिसते.

इथला हॉट डॉग प्रसिद्ध आहे, पण मांसाहार नसेल तर दशम्या-चटणी सोबत असू द्या. आत काय नेता येतं ते निघण्याआधी बघून घ्या. दुसऱ्या दिवशी सवड असेल तर ब्लू रिज पार्कवे या डोंगरातल्या रस्त्यावरची माब्री मिल जरूर बघा. लाकडी पाणचक्की आणि समोरचं तळं फार देखणं आहे.

एक मात्र सांभाळा: लहान मुलांना इअरप्लग नको, मापाचे इअरमफ घाला आणि इंजिनं चालू असेपर्यंत काढू देऊ नका.