घाबऱ्या कुत्र्यासाठी ट्रेनर कसा पारखावा

ट्रेनर शोधायला निघालं की आधी भेटतात ते व्हिडिओ. पहिल्या भागात पट्टा ताणून भुंकणारा, अंगावर धावून जाणारा कुत्रा. दुसऱ्या भागात तोच कुत्रा त्याच रस्त्यावर ट्रेनरच्या पायाशी मुकाट बसलेला. वर जोशपूर्ण संगीत. असा व्हिडिओ आवाज बंद करून पुन्हा बघा, आणि ट्रेनरला सोडून कुत्र्याच्या तोंडाकडे बघा. कान मागे चिकटलेत का? तोंड घट्ट मिटलंय आणि मधूनच जीभ नाकावरून फिरतेय का? मान सरळ, पण डोळे बाजूला गेल्यामुळे पांढरी कड दिसतेय का? शेपूट पोटाखाली गेलीय का? तोंडासमोर खाऊ धरला तरी तो वास न घेता मान फिरवतोय का? यातल्या दोन-तीन गोष्टी दिसल्या तर त्या ट्रेनरचं नाव यादीतून काढा. त्या कुत्र्याची भीती होती तिथेच आहे, फक्त ती दाखवण्याची सोय गेली आहे.

१९६७ साली मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर विजेच्या झटक्यांचे प्रयोग केले होते. ज्या कुत्र्यांना काहीही केलं तरी झटका थांबवता येत नव्हता, त्यांना नंतर अशा पेटीत ठेवलं की एक उडी मारली तर सुटका होईल. त्यातल्या बऱ्याच जणांनी ती उडी मारलीच नाही. झटके सोसत पडून राहिले. त्या पडून राहण्याचा व्हिडिओ काढून वर संगीत लावलं असतं, तर लोक म्हणाले असते, किती शहाणा झालाय!

मी ट्रेनर नाही. पेशाने फिजिओथेरपिस्ट आहे, माणसांची. माझ्याकडे घाबरट कुत्रे येतात, काही महिने राहतात आणि चांगलं घर मिळालं की जातात. भुरी तेवढी कायमची राहिली. ओळखीपाळखीचे लोक माझ्याकडे ट्रेनरचं नाव मागतात, आणि मी त्यांना नावाऐवजी पारखायचं कसं ते सांगत बसते, म्हणून थोडे वैतागतातही.

ट्रेनरला फोन करायच्या आधी व्हेटकडे, म्हणजे पशुवैद्याकडे जा. भुरी बसताना मागचा डावा पाय नेहमी बाहेर टाकायची. दिवसभर माणसांचे खुबे आणि गुडघे बघणाऱ्या बाईच्या नजरेतून हे सुटणं कठीण. एक्स-रे काढला तर खुब्याचा सांधा खराब. मुलं पळत जवळ आली की ती गुरगुरायची, त्याचं अर्धं कारण तिथे होतं: धक्का लागला की दुखायचं. वागण्याच्या तक्रारीसाठी तज्ज्ञांकडे पाठवलेल्या कुत्र्यांविषयी पशुवैद्य डॅनियल मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली लिहिलं, की हात राखून अंदाज केला तरी अशा साधारण एक तृतीयांश कुत्र्यांत कसलं ना कसलं दुखणं सापडतं. कान, दात, पोट, त्वचेची खाज, कमी झालेली नजर, सगळं तपासून घ्या. आणि ज्या ट्रेनरने पहिल्या फोनवर 'व्हेटला दाखवलंत का?' असं विचारलं नाही, त्याचा एक गुण तिथेच कापा.

आता पदव्यांचं. बहुतेक देशांत कुत्र्यांचा ट्रेनर व्हायला परवाना लागत नाही. कालपर्यंत दुसराच धंदा करणारा माणूस आज 'कॅनाइन बिहेवियरिस्ट' (कुत्र्यांच्या वागणुकीचा तज्ज्ञ) अशी पाटी लावू शकतो, त्याला कोणी अडवत नाही. म्हणून नावापुढची अक्षरं बघावीत आणि ती कोणी दिलीत तेही बघावं. स्वतःच्याच अकादमीने स्वतःलाच दिलेलं 'मास्टर ट्रेनर'चं प्रमाणपत्र भिंतीवर छान दिसतं, एवढाच त्याचा उपयोग. सीपीडीटी-केए ही स्वतंत्र संस्थेची परीक्षा आहे. तिला बसण्याआधी काही शे तास प्रत्यक्ष शिकवल्याचा अनुभव लागतो आणि दर ३ वर्षांनी प्रमाणपत्राचं नूतनीकरण करावं लागतं. कॅरन प्रायर अकादमीचं केपीए-सीटीपी आणि जीन डोनाल्डसन यांच्या अकादमीचं सीटीसी हे बक्षिसावर आधारलेल्या पद्धतीचे भरीव अभ्यासक्रम आहेत. आयएएबीसी ही संस्था वागणुकीच्या सल्लागारांना प्रमाणित करते. या सगळ्यांच्या वर व्हेटरनरी बिहेवियरिस्ट: आधी पशुवैद्य, मग वागणुकीच्या विषयातलं अनेक वर्षांचं वेगळं प्रशिक्षण आणि परीक्षा. औषध लिहून देण्याचा अधिकार या यादीत फक्त त्यांना.

पण एक ध्यानात ठेवा. सीपीडीटी-केए ही ज्ञानाची परीक्षा आहे. कुत्र्यासमोर माणसाचे हात कसे चालतात, हे तिथे कोणी उभं राहून बघत नाही. अक्षरं असली म्हणजे बोलण्यासारखा माणूस आहे, इतकंच माना. तो पारखायचा फोनवर आणि पहिल्या भेटीत.

फोनवर तीन प्रश्न विचारा. माझ्या कुत्र्याने बरोबर केलं तर त्याला काय मिळणार? चुकलं तर त्याच्या बाबतीत काय होणार? आणि याहून सौम्य दुसरी वाट आहे का? हे प्रश्न मी शोधलेले नाहीत, या क्षेत्रातले चांगले लोकच ते विचारायला सांगतात. खरी गंमत दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात असते. एका ट्रेनरशी माझं झालेलं बोलणं साधारण असं होतं:

'चुकली तर आपण छोटंसं करेक्शन देतो.'

'म्हणजे काय करता?'

'काही नाही हो, एक टच. लक्ष वेधायला.'

'कशाने?'

'कॉलरने.'

'कुठल्या कॉलरने?'

यावर बराच वेळ काहीच नाही, मग 'ते कुत्र्यावर अवलंबून असतं, मॅडम.'

'करेक्शन', 'टच', 'स्टिम', 'प्रेशर', 'बॅलन्स्ड' या शब्दांवर थांबू नका. हातात कोणती वस्तू असेल आणि ती कुत्र्याच्या शरीराला नेमकं काय करेल, इथपर्यंत विचारत राहा. चोक चेन, काट्यांची प्रॉंग कॉलर, शॉक कॉलर (हिलाच सभ्य भाषेत ई-कॉलर म्हणतात), पाण्याचा फवारा, नाण्यांचा डबा खडखडवणं, कुत्र्याला उताणं पाडून दाबून धरणं, यातलं काहीही निघालं तर 'बरं, कळवते' म्हणून फोन ठेवा. वाद घालण्यात अर्थ नाही.

याचं कारण नीट समजून घ्यावं, कारण ट्रेनर तुम्हाला पटवायला बघणारच. समजा, तुमची कुत्री अनोळखी माणसाला घाबरते. माणूस दिसला, ती भुंकली, मानेला झटका बसला. तिच्या डोक्यात हिशोब होतो: माणूस दिसला की मान दुखते. म्हणजे ज्याची भीती घालवायची त्याच्याच नावावर आणखी एक दुःख जमा. दुसरी गोष्ट गुरगुरण्याची. गुरगुरणं ही ताकीद आहे, आणि आपल्या सोयीची आहे. ती मार देऊन बंद पाडली की कुत्रा पुढच्या वेळी ताकीद न देता चावू शकतो, मग लोक म्हणतात, 'अचानक चावला'. पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांवर केलेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. शिक्षेवर भर देणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणं जास्त दिसली आणि वर्गानंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरकही जास्त वाढलेलं होतं. प्राण्यांच्या वागणुकीवर काम करणाऱ्या अमेरिकन पशुवैद्यांच्या संघटनेने, एव्हीएसएबीने, २०२१ साली स्पष्ट भूमिका घेतली की आक्रमक कुत्र्यांसकट सगळ्याच कुत्र्यांना बक्षिसाच्याच पद्धतीने शिकवावं. वेल्समध्ये तर शॉक कॉलर वापरायला २०१० पासूनच बंदी आहे.

'तुम्ही अल्फा बना', म्हणजे कुत्र्यासमोर कळपाचा म्होरक्या व्हा, हे वाक्य अजून फिरत असतंच. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या लांडग्यांवरच्या पुस्तकामुळे ही कल्पना फार पसरली, आणि त्याच मेक यांनी १९९९ साली लिहिलं की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे सहसा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. तेही लांडग्यांबद्दल. सोफ्याखाली थरथरत बसलेल्या कुत्रीला घराची सत्ता हवी आहे, असं ज्याला वाटतं, त्याला तिच्यापासून लांबच ठेवलेलं बरं.

मग योग्य काम दिसतं कसं? खरं सांगायचं तर बघायला कंटाळवाणं. भुरीला शेवटी जी ट्रेनर मिळाली, ती आधी दोन पानी प्रश्नावली पाठवून आणि आम्ही काढलेले व्हिडिओ बघून मग आली. आल्यावर दारापासून थोडं आत जमिनीवर बसली, भुरीकडे पाठ नाही पण तोंडही नाही, बाजू करून. उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे ती भुरीच्या मागच्या बाजूला टाकत राहिली. मला वाटत होतं, जवळ टाकले तर ती जवळ येईल. ट्रेनर म्हणाली, 'येईल, तुकडा तोंडात घेईल, मग तिला कळेल की आपण परक्या माणसाच्या हाताजवळ आलोय, आणि त्या घाबरण्यात चावेल. मागे टाकला की तिला खायलाही मिळतं आणि लांबही जाता येतं. मग ती पुढे येईल ती स्वतःच्या मनाने.' त्या भेटीत तिने भुरीला हातसुद्धा लावला नाही.

ही पद्धत कुत्र्यांसाठी निघालेली नाही. मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ साली सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या तीनेक वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं होतं: तो आवडीचं खात असताना ससा लांबून थोडा थोडा जवळ आणायचा, तो घाबरणार नाही एवढाच. दोन बारकावे मात्र प्रत्येक ट्रेनरला सांभाळता येत नाहीत. एक म्हणजे अंतर. कुत्र्याला माणूस दिसतोय, तरी तो खाऊ घेतोय, मान मोकळी आहे, हाक मारली तर वळतोय, एवढ्या लांबवरच काम सुरू व्हायला हवं. खाणं सोडलं की आपण फार जवळ आलो. दुसरा क्रम. आधी माणूस दिसला पाहिजे, मग लगेच खाऊ. उलटं झालं, म्हणजे आधी पिशवी खुळखुळली आणि मग माणूस आला, तर काही दिवसांनी कुत्रा पिशवीच्या आवाजालाच दचकायला लागतो. ट्रेनरला हा क्रम विचारून बघा. ज्याला काम येतं तो एका दमात सांगतो.

याच्या अगदी उलट प्रकार म्हणजे 'सवय होईल' म्हणून कुत्र्याला गर्दीत, फटाक्यांत किंवा दहा कुत्र्यांच्या कळपात नेऊन उभं करणं. ट्रेनरच्या योजनेत हे असेल तर नको. आणि 'घाबरल्यावर जवळ घेऊ नका, भीती वाढेल' असं म्हणणाऱ्याला सरळ सोडून द्या. धीर दिल्याने भीती वाढत नाही.

निकालाची हमी देणारा नको. 'दोन आठवड्यांत ठीक करून देतो, इथे ठेवून जा' म्हणणारा तर घाबऱ्या कुत्र्यासाठी मुळीच नको, कारण तिथे काय चालतं ते तुम्हाला दिसत नाही आणि घरी आल्यावर घर, रस्ता, माणसं तीच असतात. व्हिडिओ कॉलवर शिकवणाऱ्याला मात्र कमी लेखू नका. परका माणूस घरात आला की ज्या कुत्र्याचं खाणंच सुटतं, त्याच्यासाठी परका माणूस फोनच्या पडद्यातच बरा. एकटेपणाच्या भीतीवरचं काम तर कॅमेऱ्यावरूनच नीट होतं. ट्रेनर समोर बसलेला असला तर कुत्रा एकटा कुठे राहिला?

औषधाच्या बाबतीत ट्रेनरने दोन्हीकडून गप्प राहावं: स्वतःहून कुठली गोळी सुचवू नये, आणि व्हेटने दिलेली बंद करायलाही सांगू नये. फ्लुओक्सेटिनसारख्या, भीती-चिंता कमी करायला देतात त्या औषधाचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात. तोवर धीर धरायला सांगणारा आणि व्हेटशी स्वतः बोलायला तयार असणारा ट्रेनर मिळाला, तर तो सोडू नका.

पहिल्या भेटीत पट्टा तुमच्याच हातात ठेवा. मध्येच एकदा, काही बिनसलेलं नसतानाही, 'आज इथेच थांबू या का?' असं विचारून बघा. चांगला माणूस कुत्र्याकडे नजर टाकून 'हो, थांबू' म्हणतो, किंवा का थांबू नये ते सांगतो. 'आता थांबलात तर ती जिंकेल' असं ऐकू आलं, तर थांबाच. पैसे गेले तर गेले. घरी आल्यावर त्याच दिवशी लिहून ठेवा: कोणती वस्तू वापरली, शरीराला कुठे लावली, कशाच्या समोर लावली, त्यानंतर कुत्रीने काय केलं, रात्री जेवली का. पुढच्या ट्रेनरला हा कागद पहिल्यांदा द्या, कारण ती आता पट्ट्यालाही घाबरत असेल, तर कदाचित पट्टा बांधण्यापासूनच सुरुवात करावी लागेल.