१९१० सालची काल्पनिक विनाशिका कागदावर उतरवताना

काल्पनिक युद्धनौका रचायला बसलं की हात आधी तोफांकडे जातो. विनाशिकेच्या, म्हणजे डिस्ट्रॉयर या लहान, वेगवान युद्धनौकेच्या, बाबतीत हा क्रम फसतो. या नौकेच्या वजनातला तिसऱ्या हिश्शाहून मोठा वाटा आणि लांबीचा जवळजवळ निम्मा भाग बॉयलर आणि इंजिनं घेतात. तोफा, पाणतीर (टॉर्पेडो) आणि दारूगोळा मिळून पाच-सहा टक्क्यांत बसतात. म्हणून आधी साल ठरवायचं, मग काम, मग वजन आणि वेग. शस्त्रं सगळ्यात शेवटी.

साल आणि काम

साल अगदी नेमकं ठरवा. 'विसाव्या शतकाची सुरुवात' एवढं पुरत नाही, कारण १८९३ ते १९१७ या काळात विनाशिका दर तीन-चार वर्षांनी बदलत गेली. १८९३ ची ब्रिटिश 'हॅवॉक' जेमतेम अडीचशे टनांची होती. तिला त्रिप्रसरण, म्हणजे वाफ तीन टप्प्यांत प्रसरण पावणारी, इंजिनं होती आणि वेग २६ नॉटांच्या (ताशी सागरी मैलांच्या) वर. १८९९ मध्ये 'व्हायपर' टर्बाइन (वाफेच्या झोताने फिरणारं चक्र) घेऊन आली. १९०३ पासूनच्या 'रिव्हर' वर्गात पुढचा डेक उंच झाला. त्यानंतरच्या 'ट्रायबल' वर्गात कोळशाच्या जागी तेल आलं. पण लगेचच्या 'बीगल' वर्गात ब्रिटिश पुन्हा कोळशाकडे वळले, कारण युद्धकाळात तेल पुरेल याची खात्री वाटत नव्हती. तुमच्या काल्पनिक देशाकडे तेलाचा भरवशाचा पुरवठा आहे का, हा प्रश्न इथेच सोडवा. नाहीतर १९१० ची तेलावर चालणारी नौका दिसायला छान आणि पटायला अवघड होते. पाणसुरुंगासारखे पाण्यात टाकायचे पाणबुडीविरोधी बॉम्ब या नौकेवर ठेवू नका, ते पहिल्या महायुद्धातले आहेत. गिअर लावलेली टर्बाइनं १९१२ च्या सुमारास प्रयोगापुरती दिसतात आणि सर्रास होतात ती १९१६ नंतर.

काम म्हणजे शत्रूच्या पाणतीर-बोटी अडवायच्या, की आपणच मोठ्या जहाजांवर पाणतीर सोडायचे? ब्रिटिशांनी पहिल्या कामाला जास्त महत्त्व दिलं म्हणून त्यांच्या तोफा जड झाल्या. जर्मनांनी दुसऱ्याला दिलं, म्हणून त्यांच्या नौकांवर बराच काळ ८८ मि.मी. च्या हलक्या तोफा राहिल्या, पाणतीर जास्त आणि बांधा बुटका, रात्री नजरेत न भरणारा. दोन्ही कामं एकाच नौकेकडून करून घ्यायची ठरवलीत तर वजन वाढणारच. आणि कोणत्या समुद्रात फिरणार तेही लिहून ठेवा. उथळ, बंदिस्त समुद्रात चालणारी कमी उंचीची नौका मोकळ्या महासागरात हिवाळ्यात वेग राखू शकत नाही.

आकार आणि वजन

उदाहरणासाठी तेलावर चालणारी, थेट (मध्ये गिअर नसलेल्या) टर्बाइनची, साधारण ३० नॉटांची नौका घेऊ. लांबी ८२ मीटर, रुंदी ८.२ मीटर, डूब (पाण्याखालची खोली) २.७ मीटर. लांबी रुंदीच्या दहापट आहे आणि त्या काळच्या विनाशिका साडेनऊ ते साडेदहाच्या आसपासच होत्या. या तिन्हींचा गुणाकार १८१५ घनमीटर येतो. नौका चौकोनी ठोकळा नसते, म्हणून त्याला आकारगुणकाने (त्या ठोकळ्याचा किती भाग नौका प्रत्यक्ष भरते, त्या आकड्याने) गुणायचं. सडपातळ विनाशिकेसाठी तो ०.४८ धरा. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५ लावली की विस्थापन, म्हणजे नौकेचं एकूण वजन, सुमारे ८९० टन येतं. गुणकात ०.०२ इकडे-तिकडे झालं की ३५-४० टन हलतात. म्हणजे सोयीचा आकडा उचलून चालत नाही.

आता शक्ती. विस्थापनाचं घनमूळ काढा आणि त्याचा वर्ग करा. त्याला वेगाच्या घनाने गुणा आणि एका गुणांकाने भागा. हा गुणांक त्या काळच्या नौकांसाठी साधारण १०० ते १६० च्या मध्ये पडतो. 'रिव्हर' वर्गाची ५५० टन, २५.५ नॉट आणि ७००० अश्वशक्ती घातली तर १५९ येतो. १९१३ च्या 'एल' वर्गाची ९६५ टन, २९ नॉट आणि २४,५०० अश्वशक्ती घातली तर शंभराच्या किंचित खाली येतो. फरकाचं एक मोठं कारण थेट टर्बाइन. टर्बाइनला जोरात फिरायला आवडतं, नौका ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याला सावकाश. दोन्ही एकाच दांड्यावर असले की पंखा लहान आणि वेगवान ठेवावा लागतो, त्याच्या पात्यांवर वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि शक्ती वाया जाते. आपण मधला १३० धरू. ८९० टनांसाठी ३० नॉटांना साधारण १९,२५० अश्वशक्ती लागते.

हाच वेग ३३ नॉट करून बघा. वेग दहा टक्के वाढला, शक्ती मात्र तिसऱ्या हिश्शाने वाढून २५,६०० वर गेली. यंत्रांचं वजन दर टनाला ५५ अश्वशक्ती धरलं तर ३५० टनांचे ४६५ टन होतात. नौका ११५ टनांनी जड झाली, म्हणून शक्ती पुन्हा २७,८०० च्या आसपास न्यावी लागते. त्याने आणखी चाळीस टन चढतात, ते पेलायला सांगाडा वाढतो आणि गणित परत पहिल्या ओळीवर येतं. हे चक्र आकडे हलेनासे होईपर्यंत हाताने चार-पाच वेळा फिरवा. कागदावरच्या बहुतेक काल्पनिक विनाशिका याच ठिकाणी खोट्या ठरतात. शेवटचे तीन नॉट किती महाग असतात हे रचनाकाराने कधी मोजलेलंच नसतं.

३० नॉटांच्या नौकेचा वजनाचा हिशेब असा मांडा:

सांगाडा आणि पत्रा: ३४० टन
बॉयलर, टर्बाइन, दांडे, पाणी: ३५० टन
तोफा, पाणतीर, दारूगोळा: ५० टन
माणसं, सामान, होड्या, नांगर: ३५ टन
तेल, निम्मं भरलेलं: ११५ ते १२० टन

बेरीज ८९० ते ८९५. तेलाच्या टाक्या पूर्ण भरल्या तर आणखी १२० टन. जलरेषेच्या पातळीवरचं क्षेत्रफळ ८२ गुणिले ८.२ च्या सुमारे सत्तर टक्के, म्हणजे ४७० चौरस मीटर. त्यामुळे नौका १ सें.मी. बुडायला जवळजवळ ४.८ टन लागतात. पूर्ण तेलाने ती २५ सें.मी. खाली जाईल आणि डूब २.९५ मीटर होईल. चित्रात डेकची उंची आणि खिडक्या ठरवताना ही खालची जलरेषा वापरा.

पल्ला याच हिशेबातून काढता येतो. पूर्ण वेगाला दर अश्वशक्तीमागे ताशी अर्धा किलोहून थोडं जास्त तेल लागतं. १९,२५० अश्वशक्तीला ताशी १०-११ टन. २४० टन तेल बावीस-तेवीस तास पुरेल, म्हणजे सुमारे ६७० सागरी मैल. १५ नॉटांना शक्ती आठव्या हिश्श्यावर येते. पण थेट टर्बाइन कमी वेगात उधळी असते, म्हणून दर अश्वशक्तीमागे ०.९ किलो धरा. ताशी २.२ टन आणि पल्ला सोळाशे मैलांच्या घरात. कोळशाची नौका असेल तर त्याच वजनात बरंच कमी अंतर कापता येतं, शिवाय कोळसा टाकणारी माणसं वाढतात आणि पूर्ण वेगात ती थकतात.

लांबी वाटून द्या

ग्राफ पेपरवर १:२०० प्रमाण घ्या, नौका ४१ सें.मी. ची होते. नाळेपासून (पुढच्या टोकापासून) २० मीटर खलाशांच्या खोल्या, साठवण आणि पुढचं कोठार. नंतर २५ मीटर चार बॉयलर. त्यामागे १२ मीटर टर्बाइन. उरलेल्या भागात मागचं कोठार, अधिकाऱ्यांच्या खोल्या आणि सुकाणूची यंत्रणा. दारूगोळ्याची कोठारं यंत्रखोल्यांच्या पुढे आणि मागे, जलरेषेखाली. बॉयलर आणि टर्बाइन यांच्या मध्ये जलरोधक आडव्या भिंती हव्यातच.

चार बॉयलरांना चार धुराडी, किंवा मधल्या दोन बॉयलरांचा धूर एकत्र आणून तीन. धुराडं ज्या बॉयलरचं त्याच्या वरच उभं राहिलं पाहिजे. बरीच चित्रं इथे चुकतात, शोभेसाठी धुराडं टर्बाइनच्या खोलीवर लावलेलं असतं. पहिलं धुराडं ब्रिजच्या (नौका चालवण्याच्या उंच जागेच्या) अगदी मागे आलं तर थोडं उंच करा, नाहीतर मागून वारा असताना धूर थेट ब्रिजवर येतो.

पुढचा उंच डेक नाळेपासून पहिल्या धुराड्यापर्यंत न्या आणि नाळ पाण्यापासून पाचेक मीटर ठेवा. १८९० च्या दशकातल्या नौकांना कासवाच्या पाठीसारखी गोल नाळ असे. तिच्यावरून पाणी सरळ ब्रिजवर येई. चाचणीत ३० नॉट गाठणाऱ्या त्या नौकांपेक्षा २५ नॉटांचा 'रिव्हर' वर्ग खवळलेल्या समुद्रात जास्त कामाचा ठरला.

मजबुती आणि स्थैर्य

सांगाड्याचं वजन कमी करून वेग विकत घेण्याचा मोह टाळा. सप्टेंबर १९०१ मध्ये 'कोब्रा' ही विनाशिका उत्तर समुद्रात दोन तुकडे होऊन बुडाली. त्यानंतर १९०३ मध्ये 'वुल्फ' ही विनाशिका सुक्या गोदीत टेकूंवर उभी करून तिच्या पत्र्यावरचे ताण प्रत्यक्ष मोजले गेले. लांब आणि अरुंद नौका दोन लाटांच्या शिखरांवर टेकली की मधोमध वाकते, एका शिखरावर मध्य आला की टोकं खाली झुकतात. सगळ्यात जास्त ताण वरच्या डेकवर आणि कण्याजवळ (तळाच्या मधल्या तुळईजवळ) येतो. म्हणून या दोन ठिकाणी पत्रा जाड ठेवा. मधल्या भागात डेकला मोठी भोकं पाडू नका. उंच डेक जिथे संपतो त्या पायरीवर ताण एकवटतो, तिथे जोडपट्ट्या हव्यात.

स्थैर्याची उंची (मेटासेंट्रिक उंची, म्हणजे कललेली नौका किती जोराने सरळ होते ते दाखवणारं माप) ०.६ ते ०.७ मीटर धरा. रुंदीला ०.८ ने गुणून स्थैर्याच्या उंचीच्या वर्गमुळाने भागलं की नौकेच्या डोलण्याचा काळ मिळतो. ०.६५ ला तो आठ सेकंद येतो, तोफ चालवायला बरा. तळाच्या टाक्यांतलं तेल संपत जातं तसा भार वर सरकतो, म्हणून टाक्या रिकाम्या असतानाची स्थिती वेगळी तपासा. ब्रिजवर आणखी मजला चढवण्याआधी तर तपासाच.

शस्त्रं

तीन ४ इंची तोफा, दोन जोडनळ्यांत मिळून चार ५३ सें.मी. चे पाणतीर. एका गोळ्याचं वजन १४ किलो, दारूच्या पुडक्यासकट २५ धरा. प्रत्येक तोफेला १२० राउंड म्हणजे तिन्ही तोफांचे मिळून ९ टन. पाणतीर एकेक सव्वा टनाचा, सात मीटर लांब. जोडनळी मधल्या रेषेवर फिरती ठेवा आणि ती पूर्ण वळली तरी धुराडं, होडी किंवा तोफ आडवी येत नाही ना, हे कागदी पट्टी फिरवून बघा. नाळेत स्थिर नळी देऊ नका. सुरुवातीच्या नौकांत ती होती, पण ती पाणी उडवायची आणि वेगात असलेली नौका आपल्याच पाणतीरावर चढण्याचा धोका असायचा.

एक तोफ उंच डेकवर, एक शेपटाकडे, एक दुसऱ्या आणि तिसऱ्या धुराड्यांच्या मध्ये. मधली तोफ फक्त दोन्ही बाजूंनाच मारू शकते हे मान्य करा. एकावर एक तोफा चढवण्याची पद्धत १९१७ च्या 'व्ही' वर्गाची आहे, १९१० मध्ये ती आणली तर वजन वर जाऊन वरचं स्थैर्याचं गणित मोडतं. पुढच्या तोफेभोवती ब्रिजपर्यंत धक्का जातो, म्हणून तिच्यामागे किमान काही मीटर मोकळे सोडा.

दोन डोलकाठ्यांच्या मध्ये बिनतारी संदेशाची तार, ब्रिजवर एक शोधदिवा, बाजूंना होड्या. माणसं सत्तर ते नव्वद.

माहितीपत्रक लिहिताना दोन वेग नोंदवा. निम्म्या तेलावर, स्वच्छ तळ असताना चाचणीत मिळालेला, आणि पूर्ण भाराने, सहा महिने पाण्यात राहून तळाला शेवाळ आणि शिंपले चढल्यावरचा. दुसरा दोन-तीन नॉटांनी कमी ठेवा आणि गोष्टीत किंवा खेळात तोच वापरा.