इंदूरच्या घरातील मत्स्यालय : गाळणी आणि दगड

टाकीतील पाणी तासाला चार-पाच वेळा गाळणीतून फिरेल, एवढ्या क्षमतेची गाळणी घ्यावी. म्हणजे १०० लिटरच्या टाकीला तासाला ४०० ते ५०० लिटर पाणी फिरवणारी. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून तयार होणारा विषारी अमोनिया गाळणीच्या स्पंजावर वाढणारे जिवाणू आधी नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये बदलतात. त्यांची वसाहत जमायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, तेव्हा सगळे मासे पहिल्याच दिवशी आणू नयेत. इंदूरला येणारे नर्मदेचे पाणी क्लोरीनयुक्त असते, आणि क्लोरीनने हे जिवाणू मरतात. म्हणून स्पंज कधीही नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळावा. गाळणी रात्रीही बंद ठेवू नये.

सजावटीसाठी माळव्यातला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, उत्तम. मात्र त्याच्या पोकळ्यांत अनेकदा पांढरे कॅल्साइट भरलेले असते, आणि ते किंवा संगमरवर पाण्याची कठीणता वाढवतात. कोरड्या दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकावेत. बुडबुडे आले तर तो दगड नको. गंजासारखे डाग किंवा धातूची चमक असलेले दगडही टाळावेत. दगड ब्रशने घासून धुवावेत, पण उकळू नयेत, कारण आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटू शकतात. जड दगड वाळूवर न रचता आधी तळाच्या काचेवर फोमची पातळ चकती ठेवून त्यावर बसवावेत आणि वाळू नंतर भोवती ओतावी. नाहीतर वाळू उकरणारे मासे खालचा आधार काढून घेतात आणि काच तडकते.