एकटीनं आन्सीला जाताना

एकटीनं फिरायला निघायचं असलं की आदल्या रात्री मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: बरोबर कुणी असतं, तर त्यानं न सांगता काय काय सांभाळलं असतं? परतीच्या गाडीकडे लक्ष ठेवलं असतं, मी पाण्यात उतरल्यावर पिशवीपाशी बसलं असतं, ‘चल, आधी खाऊन घेऊ’ म्हटलं असतं. ही सगळी कामं रात्रीच उरकून ठेवली की दिवस मोकळा मिळतो. जिनिव्हात चार दिवस मुक्काम असेल तर त्यातला एक फ्रान्सच्या हद्दीतल्या आन्सीला द्यावा. तळ्याकाठचं मध्ययुगीन गाव आहे, आणि एकट्या बाईला दिवसभर निवांत हिंडता येईल असं आहे.

यादीची सुरुवात परतीच्या गाडीपासून करा. जिनिव्हाहून बसनं किंवा थेट रेल्वेनं साधारण सव्वा ते दीड तास लागतो. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी फेऱ्या कमी होतात. शेवटची गाडी आणि तिच्या आधीची, अशा दोन वेळा चक्क कागदावर लिहून पाकिटात ठेवा. आपली गाडी आधीची. शेवटची फक्त अडीनडीला. पहिल्या खेपेला मी सगळं फोनच्या भरवशावर ठेवलं होतं. दिवसभर फोटो काढून संध्याकाळी बॅटरी संपली आणि स्टेशनवरचा फलक दिसेपर्यंत जीव टांगणीला लागला. तेव्हापासून पॉवर बँकही बरोबर असते आणि कागदही.

जाताना आपण देशाची सीमा ओलांडतो, पण बसमध्ये ते जाणवतही नाही, म्हणून पासपोर्ट खोलीवरच राहून जातो. स्वित्झर्लंड आणि फ्रान्स दोन्ही शेंगेनमध्ये असल्यामुळे तोच व्हिसा चालतो, पण मूळ पासपोर्ट अंगावर हवाच. झेरॉक्स पुरत नाही. तिकडे फ्रँक संपून युरो सुरू होतात. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, तरी बाजारासाठी थोडे सुटे युरो ठेवा. सिमकार्डाचं तर नक्की बघा. युरोपियन युनियनपुरतं घेतलेलं पॅक स्वित्झर्लंडमध्ये चालेलच असं नाही, आणि स्विस कार्डाचं तिकडे तसंच. आन्सीचा नकाशा रात्रीच फोनमध्ये उतरवून घ्या.

वार निवडायची मुभा असेल तर शुक्रवार घ्या. जुन्या गावातला बाजार मंगळवारी, शुक्रवारी आणि रविवारी सकाळी भरतो. मंगळवारी फ्रान्समधली बरीच संग्रहालयं बंद असतात आणि रविवारी गाड्या कमी, म्हणून माझं मत शुक्रवारला. गावाच्या वरच्या चढावरचा किल्ला आतून बघायचा असेल तर त्या दिवसाच्या वेळा रात्रीच पाहून ठेवा, कारण चढ चढून गेल्यावर बंद दार बघणं फार जिवावर येतं.

पहिली गाडी पकडावी, आणि ती पॅले द लील या जुन्या वास्तूसाठी. त्यू नावाची छोटीशी नदी तळ्यातून निघून गावामधून वाहते. तिच्या ऐन मधोमध, जहाजाच्या नाळेसारखं निमुळतं टोक पाण्यात खुपसून ही दगडी वास्तू उभी आहे. मूळ बाराव्या शतकातलं. अधिकाऱ्याचं निवासस्थान, टांकसाळ, न्यायालय, तुरुंग, सगळं इथे होऊन गेलं. दुसऱ्या महायुद्धातही इथे कैदी होते. ते टोक तळ्याकडे, म्हणजे पूर्वेकडे आहे. त्यामुळे सकाळचं ऊन थेट त्या भिंतींवर पडतं आणि पाण्यात हलणारा उजेड दगडावर चढताना दिसतो. पेरिएर पुलाच्या कठड्याला टेकून दहा मिनिटं नुसतं उभं राहा. अकरानंतर त्याच पुलावर फोटोसाठी रांग लागते. फोटोत स्वतः हवे असाल तर सकाळी तिथे एखादं दुसरं एकटं माणूस असतंच. आधी त्याचा काढून द्या, मग तो तुमचा काढतो.

बूट नवे नकोत, पायाच्या सवयीचे घाला. गल्ल्यांमध्ये दगडी फरसबंदी आहे, पाऊस पडला की निसरडी होते, आणि किल्ल्याचा चढ चांगलाच उभा आहे. उन्हाळ्यातही पातळ रेनकोट पिशवीत असू द्या. भोवती आल्प्स आहेत, दुपारनंतर आभाळ बघता बघता भरून येतं.

तळ्यात उतरायचा विचार असेल तर टॉवेल आणि पाणी आत न जाणारी छोटी पिशवी घ्या. पासपोर्ट आणि पैसे त्यात घालून गळ्यात. काठावर सामान सोडून पोहायला जायचं नाही. आणि उतराच, पाणी खरोखर नितळ आहे. १९४०च्या दशकात ते बिघडू लागलं तेव्हा एका स्थानिक डॉक्टरांनी आवाज उठवला. पुढे १९५७ मध्ये काठच्या गावांनी एकत्र येऊन सांडपाणी तळ्यात न सोडता भोवतीनं वाहून नेणारी वाहिनी घालायचं ठरवलं. काठावर गुडघाभर पाण्यात उभं राहिलं की तळाचा खडा न् खडा दिसतो, आणि मला दर वेळी त्या गावांबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते.

शाकाहारी असाल तर जेवणाची तयारी थोडी जास्त करावी लागते. इथला प्रसिद्ध पदार्थ तार्तिफ्लेत. बटाटा, कांदा आणि रब्लोशों चीज ऐकून आपण खूश होतो, पण त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. फोंद्यूत, म्हणजे पाव बुडवून खायच्या वितळलेल्या चीजमध्ये, पांढरी वाईन असते. ‘मांस नको, मासे नको’ हे फ्रेंचमध्ये कागदावर लिहून घ्या आणि दुकानात शिरताना आधी ‘बोंझूर’ म्हणा. त्याशिवाय काही विचारणं उद्धटपणाचं वाटतं. दुपारचं जेवण बारा ते दोनमध्येच उरका, नंतर बरीच स्वयंपाकघरं बंद होतात. मी तर बाजारातून पाव आणि फळं घेते आणि तळ्याकाठच्या पाकिए या मैदानाच्या हिरवळीवर बसून डोंगर बघत खाते. पाण्याची बाटली मात्र घरूनच.

बोटीचं तिकीट आधी काढू नका, हवा बघून तिथेच ठरवा. सायकलीचंही तसंच, तळ्याला पूर्ण फेरा चाळीसेक किलोमीटरचा आहे, एका दिवसाच्या पाहुण्यानं पश्चिम काठानं थोडं जाऊन मागे फिरावं. तत्त्वज्ञ रूसो पंधरा वर्षांचा असताना, १७२८ मध्ये, पुढे त्याची आश्रयदाती झालेल्या मादाम द वारांसला आन्सीतच भेटला. त्या जागी सोनेरी कठडा आहे. वाटेत दिसला तर थांबा, मुद्दाम शोधत हिंडू नका.

शेवटची नोंद घरच्यांसाठी. कुठे जातेय आणि कोणत्या गाडीनं परततेय, हे निघण्याआधी एका माणसाला कळवा. आणीबाणीचा क्रमांक दोन्ही देशांत ११२. परतीच्या गाडीत बसल्याबरोबर दुसरा निरोप टाका. तिथे संध्याकाळचे आठ वाजले असतील तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे साडेअकरा झालेले असतात, आणि आई फोन उशाशी घेऊन जागी असते.