शत्रूचा म्होरक्या मेला, ही बातमी कशी तपासावी

शत्रूचा मोठा नेता ठार झाला की गोव्यात आमच्या फोंड्याच्या तिस्कावर, म्हणजे नाक्यावर, चहा घेणाऱ्यांपासून माझ्या दहावीच्या वर्गापर्यंत एकच सूर असतो, "संपलं आता!" मी इतिहास शिकवतो. त्या दिवशी मुलांना मी मत विचारत नाही, वही काढायला लावतो. तुम्हीही काढा.

आधी तारीख लिहा आणि खाली भरपूर जागा सोडा. ती जागा आठवड्यांनी नव्हे, वर्षांनी भरायची आहे. ११ मार्च १६८९ रोजी औरंगजेबाने संभाजी महाराजांना हाल हाल करून मारलं. याच राजाने १६८३ मध्ये आमच्या फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घालणाऱ्या पोर्तुगीज विजरईला (व्हाइसरॉयला) माघारी पिटाळलं होतं. १६८९ संपेपर्यंत रायगडही पडला. तेवढंच वर्ष पाहिलं तर बादशहाने बाजी मारली. पण राजाराम महाराज जिंजीला पोचले, संताजी-धनाजींनी मोगली छावण्यांची झोप उडवली. १७०० मध्ये राजाराम महाराज गेले, तर ताराबाई उभ्या राहिल्या. औरंगजेब १७०७ मध्ये दक्षिणेतच मेला. वजाबाकी मुलांनाच करू द्या. उत्तर अठरा येतं आणि वर्ग गप्प होतो.

मग गेलेल्याच्या जागी कोण बसतो ते पाहा. फेब्रुवारी १९९२ मध्ये इस्रायलने लेबनॉनमधल्या हिजबुल्ला या सशस्त्र संघटनेचा प्रमुख अब्बास मुसावी याला मारलं. जागा घेतली हसन नसरल्लाने, आणि तो २०२४ पर्यंत टिकला.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो पुढचा प्रश्न: मारणाऱ्याच्या फौजेची पुढची तयारी काय? १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली अफजलखान पडला, तेव्हा मावळे जावळीच्या रानात आधीच दबा धरून होते. खानाची छावणी त्याच दिवशी उधळली आणि २८ नोव्हेंबरला पन्हाळा घेतला. खानाचा वध म्हणजे मोहिमेची सुरुवात होती. नुसता वध करून शिवाजी महाराज स्वस्थ बसले असते, तर विजापूरला सावरायला वेळ मिळाला असता.

सगळा डोलारा एकाच माणसावर उभा असेल तर मात्र हिशेब बदलतो. पेरूतल्या 'शायनिंग पाथ' या माओवादी बंडखोर संघटनेचा प्रमुख आबिमाएल गुझमान सप्टेंबर १९९२ मध्ये लिमात जिवंत पकडला गेला. पुढच्याच वर्षी तुरुंगातून त्याने शांततेच्या वाटाघाटींची भाषा केली आणि संघटना दुभंगली. मेलेला नेता असं काही बोलू शकत नाही. म्हणून जिथे पकडणं शक्य आहे तिथे मारू नये, असं माझं ठाम मत आहे.

शेवटचा रकाना कारणाचा. गोव्यात पोर्तुगीजांविरुद्ध बंड करणारा कुष्टोबा राणे १८७१ मध्ये मारला गेला, तरी १८९५ मध्ये दादा राणे यांच्या नेतृत्वाखाली सत्तरी हा त्याचा मुलूख पुन्हा पेटला. लोक कशासाठी लढत होते, ते गाऱ्हाणं मिटलं का? बातमीत याचं उत्तर नसेल तर रकाना कोराच ठेवा आणि दर सहा महिन्यांनी तेच पान पुन्हा उघडा.