मुंबईतल्या जुन्या लायब्रऱ्या एका दिवसात कशा बघायच्या

फोर्टात जाऊन एशियाटिक सोसायटीच्या लायब्ररीच्या पायऱ्यांवर फोटो काढायचे आणि परत फिरायचं, असं बरेच जण करतात. तुम्ही एक अख्खा दिवस काढा आणि या लायब्रऱ्या साधारण सालाच्या क्रमाने बघा, म्हणजे पुस्तकांचं दार कुणासाठी कधी उघडलं ते चालता चालता कळत जातं. सुट्टीचा दिवस नको. आधी फोन करून सभासद नसलेल्यांना आत सोडतात का, फोटो चालतात का, हे विचारून घ्या.

सुरुवात हॉर्निमन सर्कलपासून. एशियाटिक सोसायटीचं मूळ १८०४ चं आणि ही टाउन हॉलची इमारत पूर्ण झाली १८३३ मध्ये, डिझाइन कर्नल थॉमस काउपरचं. लगेच वर जाऊ नका, आधी समोरच्या फूटपाथवरून ते आठ जाडजूड डोरिक, म्हणजे जुन्या ग्रीक पद्धतीचे, खांब बघा आणि मग ३० पायऱ्या चढा. चढताना जाणवतं की ही इमारत सहज "या" म्हणत नाही. आणि तसंच होतं, इथे पहिला भारतीय सभासद घेतला तो १८४० मध्ये, माणेकजी करसेटजी. पण नंतर याच पायऱ्या डॉक्टर आणि संशोधक भाऊ दाजी लाड चढले, धर्मशास्त्राचे अभ्यासक पां. वा. काणे चढले, आणि १८९२ मध्ये न्यायमूर्ती तेलंग इथले पहिले भारतीय अध्यक्ष झाले, मला तिथे उभं राहिलं की दर वेळी हेच आठवतं.

तिथून चालत काळा घोड्याला डेव्हिड ससून लायब्ररी. घाई करू नका, इथे जास्त वेळ ठेवा. टांकसाळ आणि सरकारी गोदीतल्या मेकॅनिक लोकांनी १८४७ मध्ये सुरू केलेली ही संस्था, म्हणजे हाताने काम करणाऱ्यांची लायब्ररी! इमारत १८७० ची, पिवळसर मालाड दगडाची, टोकदार कमानींची. दार बघा, थेट फूटपाथवरच आहे, एशियाटिकसारखं उंचावर नाही. आत शिरल्यावर ससूनचा पुतळा, मागे बाग, आणि वरच्या व्हरांड्यात त्या लांब हातांच्या आरामखुर्च्या. हातांवर पाय पसरून दुपारी पेपर वाचत पडलेली माणसं खाली वाहणाऱ्या ट्रॅफिककडे ढुंकूनही बघत नाहीत. खुर्ची मिळाली तर अर्धा तास बसाच.

मग ओव्हलच्या बाजूने राजाबाई टॉवर आणि विद्यापीठाची लायब्ररी, १८७८ ची. गिल्बर्ट स्कॉट या इंग्लिश आर्किटेक्टने डिझाइन केलं आणि तो माणूस हिंदुस्थानात कधी आलाच नाही. टॉवर २८० फूट, वर चढू देत नाहीत, पण खालून नीट बघितलं तर वर पश्चिम हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या जातीजमातींचे पुतळे दिसतात, पगड्या आणि पेहराव वेगवेगळे, छोटी दुर्बीण असेल तर बरोबर ठेवा. पैसे प्रेमचंद रायचंद यांचे, नाव त्यांच्या आईचं.

पुढचं ठिकाण याच्या बरोबर उलट आहे. डी. एन. रोडवरची पेटिट लायब्ररी १८५६ मध्ये काही पारशी विद्यार्थ्यांनी सुरू केली, आत्ताची इमारत १८९८ ची, आणि तिथे मुलाच्या आठवणीसाठी आईने पैसे दिले. आत रंगीत काचांमधून येणारा उजेड बघायला उन्हाची वेळ गाठा.

इथून सीएसएमटी जवळच, लोकल पकडून दादर. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयही १८९८ चंच. (ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय त्याहून जुनं, १८९३ चं, त्यासाठी वेगळा दिवस काढा.) दगडी कमानी आणि पुतळ्यांसाठी इथे येऊ नका, इथे मराठी पुस्तकांसाठीच यायचं. आधार कार्ड आणि दोन पासपोर्ट फोटो पिशवीत टाकूनच निघा, सभासद होता येतं का आणि अनामत किती ते काउंटरवर विचारा, जमलं तर त्याच संध्याकाळी एक पुस्तक घेऊन घरी या.