सन नॉइज मोजण्याआधीची तयारी

अँटेना रिकाम्या आकाशाकडून सूर्याकडे वळवली की रिसीव्हरमधला नॉइज (खरखर) किती वाढतो, यावरून हॅम स्टेशनची ऐकण्याची ताकद कळते. सूर्य हा फुकटात मिळणारा नॉइज सोर्स खरा, पण त्याची ताकद रोज बदलते. म्हणून अँटेना फिरवण्याआधी त्या दिवसाचा सोलर फ्लक्स, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरींच्या ताकदीचा आकडा, वहीत उतरवा. कॅनडातल्या पेंटिक्टनला तो २८०० मेगाहर्ट्झवर दिवसातून तीनदा मोजतात. सूर्य शांत असला की आकडा ७० च्या आसपास, ऐन भरात २०० च्याही पुढे. ४३२ किंवा १२९६ मेगाहर्ट्झच्या हॅम बँडवर काम करायचं असेल तर हा आकडा जसाच्या तसा वापरू नका. लिअरमाँथ (ऑस्ट्रेलिया), सॅन व्हिटो (इटली) ही सूर्यनिरीक्षण केंद्रं ४१०, ६१० आणि १४१५ मेगाहर्ट्झवरही मोजतात, त्यांतून आपल्या बँडपुरता अंदाज काढता येतो.

हे का, तर समजा थंड, म्हणजे कमी नॉइजच्या रिकाम्या, आकाशाच्या तुलनेत सूर्यावर १० डेसिबेल वाढ मिळाली. म्हणजे नॉइज दहापट झाला आणि त्यातला नऊपट सूर्याचा. फ्लक्स दुप्पट झाला की तो अठरापट होतो, एकूण एकोणीसपट, म्हणजे १२.८ डेसिबेल. प्रीअँपला (रिसीव्हरआधी सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राला) हातही न लावता स्टेशन 'सुधारलं'! फ्लक्स न लिहिता सांगितलेले डेसिबेल म्हणूनच मी मोजतच नाही. सौरज्वाला चालू असेल तर मोजणी पुढे ढकला. फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रिटिश रडारवरचा जो गोंधळ शत्रूचं जॅमिंग वाटला, तो सूर्याचाच निघाला होता.

रिसीव्हरचा एजीसी (आवाजाची पातळी आपोआप सारखी ठेवणारी सोय) बंद. नॉइज ब्लँकर, नॉइज रिडक्शन या नॉइज दाबणाऱ्या सोयी, दोन्ही बंद. मोड एसएसबी (सिंगल साइडबँड), फिल्टर मिळेल तेवढा रुंद. ट्रान्समिटरची पीटीटी (प्रसारण सुरू करणारी) वायर काढून ठेवा. प्रीअँप एका चुकीच्या क्लिकनेही जातो. सगळं अर्धा तास आधी चालू करून तापू द्या. ऑडिओवर ट्रू आरएमएस मीटर (खरं प्रभावी व्होल्टेज दाखवणारा) लावणार असाल तर डेसिबेल काढताना व्होल्टच्या गुणोत्तराला २० लॉग लागतो, १० नव्हे. २५०० हर्ट्झ रुंदीत एका सेकंदाचं रीडिंग सुमारे ०.१ डेसिबेल हलतंच, तेव्हा दहा सेकंदांची सरासरी घ्या.

आता सगळ्यात जास्त टाळली जाणारी पायरी. प्रीअँप आणि रिसीव्हर यांच्यामध्ये ३ डेसिबेलचा, म्हणजे सिग्नल निम्मा करणारा, अ‍ॅटेन्युएटर घाला. मीटर बरोबर ३ नेच उतरला पाहिजे. फक्त सूर्यावर कमी उतरला, तर कुठली तरी स्टेज क्षमतेपलीकडे जाऊन दबते आहे, गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) खाली आणा. थंड आकाशावर कमी उतरला, तर रिसीव्हरचा स्वतःचा नॉइज मध्ये लुडबुडतोय आणि प्रीअँपचा गेन अपुरा आहे. सूर्याकडे वळण्याआधीच निम्मं निदान इथे होतं.

थंड आकाशाची जागा आधी ठरवा. उंची सूर्याएवढीच ठेवून दिगंश (आडवी दिशा) बीमच्या, म्हणजे अँटेनाच्या झोताच्या, काही रुंदी बाजूला घ्या, म्हणजे जमिनीचा बाजूने शिरणारा नॉइज दोन्हीकडे साधारण सारखा राहतो. आकाशगंगेचा पट्टा, चंद्र, झाडं, इमारती टाळा. सूर्य ३० अंशांच्या वर आला की मोजा. १४४ मेगाहर्ट्झवर आकाशच इतकं तापलेलं असतं की 'थंड' म्हणायचं ते फक्त नावाला. तिथल्या आकड्यांवर फार विसंबू नका.

डिश असेल तर फीडची (डिशच्या नाभीवर बसवलेल्या छोट्या अँटेनाची) सावली मध्यभागी पडली की निशाण बरोबर. फीडमधून सूर्याकडे डोळा लावू नका. चकचकीत डिश फीड भाजूनही काढू शकते, तिला मॅट रंग बरा. रोटरवर भरवसा नसेल तर डिश सूर्याच्या थोडी पुढे थांबवा. चार मिनिटांत एक अंश सरकत तो स्वतःच बीममधून जाईल आणि शिखर आपोआप मिळेल.

सूर्याची वाढ कमी आली तरी दोष अँटेनात की प्रीअँपमध्ये, हे ती एकटी सांगत नाही. ती गेन आणि सिस्टिम नॉइज यांचं गुणोत्तरच दाखवते. जमेल तर त्याच बैठकीत अँटेना जमिनीकडे वळवून तिसरं रीडिंग घ्या. नॉइज तापमानात मोजला तर जमीन साधारण २९० केल्व्हिनची धरतात. आकाशावर एकूण ६० केल्व्हिन, त्यातले ४० रिसीव्हरचे असतील, तर जमिनीवर सुमारे ७.४ डेसिबेल वाढ दिसायला हवी. ही वाढ जागेवर आणि सूर्याची मात्र कमी, तर संशय फीडच्या जागेवर, डिशच्या आकारावर किंवा निशाणावर घ्या. दोन्ही कमी असतील तर प्रीअँप आणि त्याच्या आधीची केबल उघडा.